चौथी नळी

१

सोमवारी सकाळी तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा निकालही तिला टाचलेलाच होता. वर तक्रार, खाली निकाल आणि मध्ये माझ्या सहीपुरती रिकामी जागा. आमच्या रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांची ही जुनी पद्धत. चौकशी झाली असं दिसायला हवं, एवढ्यासाठीच मी.

तक्रार अशी होती. एका बाईंच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत बदलली गेली. भलत्याच कुणाचं रक्त त्यांच्या नावावर तपासलं गेलं. तो रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्यांची औषधं दहा दिवस बंद ठेवली आणि आजार आणखी बळावला. आता येत्या शुक्रवारी गळ्याचं ऑपरेशन करून त्यांची थायरॉइड ग्रंथीच काढून टाकायची आहे.

निकाल असा होता. नळ्या हाताळणारा तंत्रज्ञ दोषी. गुरुवारपासून कामावरून कमी.

मी स्वतः बावीस वर्षं त्याच प्रयोगशाळेत होते. पुढे पाठीने असहकार पुकारला, उभं राहणं जमेना, तेव्हा मला लिफ्टशेजारच्या खोलीत बसवलं आणि दारावर 'तक्रार चौकशी' अशी पाटी लावली. तेव्हापासून मी सगळ्यांची चौकशीबाई. उशी कडक आहे, शेजारच्या खाटेवरचा घोरतो, नर्सने माझ्याकडे बघून नाक मुरडलं, असल्या तक्रारींवर माझी सात वर्षं गेली. पहिल्यांदाच जरा चौकशी करण्यासारखं काही आलं होतं, तर त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं. डोकं तापलं माझं.

तंत्रज्ञाला मी चांगली ओळखत होते. सगळे त्यांना नळीमास्तर म्हणायचे. छापलेलं लेबल असलं तरी हा माणूस प्रत्येक नळीवर स्वतःच्या हाताने आडनावाचं पहिलं अक्षर आणि वेळ लिहिणार. "छापखाना चुकतो, मी चुकत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असल्या वाक्यांमुळेच त्यांना मित्र कमी होते.

मी खाली गेले. ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मशीनला हात लावायची बंदी केली होती म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मास्तर, नळी बदलली का?"

"नाही."

"एवढंच?"

"अजून काय सांगू? रक्त मी काढलं. बाईंना मी तोंडाने ओळखतो, त्या दर वेळी अकराच्या सुमाराला येतात. लेबल मी लावलं. मशीनमध्ये मी घातली."

"मग रिपोर्ट उलटा कसा आला?"

"ते मशीनला विचारा. मला तर कुणी काहीच विचारलं नाही. आठ दिवस झाले, साहेब आले, म्हणाले, तुमची चूक झाली आहे. विचारलं नाही, सांगितलं."

"अहो, मग तुम्ही बोलायचं ना!"

"विचारल्याशिवाय मी बोलत नाही."

मी कपाळाला हात लावला. या माणसाचा हाच स्वभाव एक दिवस त्याला खड्ड्यात घालणार, हे मी वीस वर्षं म्हणत होते.

"बरं, मी विचारते. ती नळी सापडायची काही आशा आहे का? दीड महिना होऊन गेला."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"नळ्या आठ दिवसांनी फेकून द्यायचा नियम आहे. पण निकाल इतका उलटा आला की मला राहवलं नाही. ती मी फ्रीझरमध्ये ठेवली आहे. सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे."

२

दुपारी तक्रारदार आले. म्हणजे त्या बाईंचा नवरा. बस कंपनीत वेळापत्रकं बनवायचं काम करणारा माणूस. बगलेत जाडजूड फाईल, तिला सहा रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. खुर्चीवर बसण्याआधी त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "आपली वेळ अडीचची होती. दोन चाळीस झालेत."

"लिफ्ट बंद होती."

"ते मी लिहून घेतो."

आणि खरंच लिहून घेतलं.

पण त्या फाईलीचे उपकार मानायला हवेत. आठ महिन्यांतले सहा रिपोर्ट, तारीख, वार आणि वेळेसकट. पहिल्या तीन रिपोर्टांत थायरॉइडला कामाला लावणारा टीएसएच जवळजवळ शून्य, आणि तिचा स्वतःचा हार्मोन टी-फोर भरमसाट. म्हणजे थायरॉइड उतू चालली आहे. औषध सुरू केलं, वाढवलं, आणखी वाढवलं, तरी आकडे तसेच, उलट थोडे वाईट. मग चौथा रिपोर्ट. टीएसएच अठ्ठ्याऐंशी! जिथे तो चाराच्या आत असायला हवा तिथे अठ्ठ्याऐंशी, आणि टी-फोर तळाला. म्हणजे थायरॉइड पार झोपलेली. औषध थांबवलं. दहा दिवसांनी पाचवा रिपोर्ट, पुन्हा शून्य. सहावा गेल्या शुक्रवारचा, ऑपरेशनच्या आधीचा, तोही शून्याच्या आसपास.

"पाच रिपोर्ट एक सांगतात, एक वेगळं सांगतो," नवरा म्हणाला. "चुकलेला कोणता, हे सांगायला चौकशी कशाला लागते?"

"गोळ्या नीट घेतात का त्या?"

"मी स्वतः देतो. सकाळी सहा पन्नासला आणि रात्री आठ दहाला. मग तोंड उघडायला लावतो, जीभ वर करायला लावतो."

"बायकोला?"

"डॉक्टरांनीच तसा संशय घेतला होता. मला कशाला हौस?"

तो गेल्यावर मी प्रयोगशाळेतून चौथ्या रिपोर्टाच्या दिवसाची नोंदवही मागवली. त्यासाठी तीन फोन, दोन अर्ज आणि एक भांडण करावं लागलं, ते असो. त्या सकाळी एकतीस नळ्या आल्या होत्या. थायरॉइडची तपासणी त्यातल्या सात जणांची होती, आणि त्या नळ्यांचा ट्रे वेगळाच असतो. मी सातही निकाल समोर मांडले आणि स्वतःवरच चिडले. इतकी सोपी गोष्ट सोमवारपर्यंत एकाही शहाण्याला सुचली नव्हती.

नळी बदलली तर एक रिपोर्ट चुकत नाही, दोन चुकतात. या बाईंच्या नावावर दुसऱ्याचं रक्त गेलं, तर यांचं रक्त त्या दुसऱ्याच्या नावावर जायला हवं. म्हणजे त्या सातांत कुणाचा तरी टीएसएच शून्य दिसायला हवा. एकाचाही नव्हता. बाकीचे सहाही ठाकठीक.

म्हणजे चौथ्या नळीतलं रक्त त्यांचंच होतं.

मग इतर पाच नळ्यांमध्ये काय होतं?

३

ग्रंथींच्या डॉक्टरांना भेटायला मंगळवारी सकाळी मी एक तास दहा मिनिटं बाहेर बसले. पेशंटच्या नवऱ्याने ती लिहून ठेवली असती.

"हे बघा, चौकशीबाई," डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. ती गळ्यातल्या थायरॉइडला हुकूम सोडते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉइड आळसावली की वरून हुकूम वाढतो. थायरॉइड जास्त काम करायला लागली की वरून हुकूम बंद. इतकं साधं आहे."

"डॉक्टर, बावीस वर्षं मी तेच मोजत होते."

"मग झालं तर! यांचा हुकूम बंद आहे, म्हणजे थायरॉइड बेफाम आहे. त्यात प्रतिपिंडांची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. गळा सुजलेला. आणखी काय हवं?"

"औषधाची कमाल मात्रा देऊनही आकडे हलत नाहीत, याचं काय?"

त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

"त्याची दोनच कारणं असतात. एक, पेशंट गोळी गिळत नाही. नवरा शपथेवर सांगतो की गिळते. दुसरं कारण वाईट आहे. बाहेरून कुणीतरी थायरॉइडचं हार्मोन पोटात घालतंय. चहातून, पाण्यातून. घरात एक बाई आहेत, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांची थायरॉइड मंद आहे, त्या रोज तीच गोळी घेतात. मी नवऱ्याला म्हटलं, जरा त्या बाटलीवर लक्ष ठेवा."

"आणि?"

"अकरा गोळ्या कमी भरल्या."

"तुम्ही पेशंटला शेवटचं कधी तपासलंत? हात लावून?"

"रिपोर्ट येतात की माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बेल वाजवली.

जिन्यावरून उतरताना माझा राग पायरीगणिक वाढत होता. शरीरातल्या एवढ्याशा ग्रंथी एकमेकींना निरोप धाडतात, उत्तराची वाट बघतात, त्याप्रमाणे आपलं काम कमीजास्त करतात. आणि एका इमारतीत बसणाऱ्या या धडधाकट माणसांना एक जिना उतरून विचारता येत नाही की बाबा, हे असं का झालं.

४

पेशंटचं घर तिसऱ्या मजल्यावर. माझ्या पाठीने प्रत्येक मजल्याची नोंद घेतली.

दार नणंदेने उघडलं. पन्नाशीच्या पुढची, सडसडीत, कपाळावर घाम. खिडक्या सताड उघड्या, पंखा पूर्ण वेगाने, आणि तरी ही हातातल्या मासिकाने वारा घेतेय. आत कोचावर पेशंट बसलेली. अंगात दोन स्वेटर, पायांत मोजे, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. चेहरा सुजवट, पापण्या जड.

"पंखा जरा कमी करा ना, वन्सं," ती म्हणाली. आवाज घोगरा आणि इतका संथ, की वाक्य संपेपर्यंत मी पुढे झुकून बसले होते.

"अगं, जीव जातोय माझा उकाड्याने!"

मी नणंदेला स्वयंपाकघरात घेऊन गेले. कोपऱ्यात एक बॅग भरून ठेवलेली होती.

"कुठे निघालात?"

"आमच्या धाकट्या बहिणीकडे. इथे कशाला राहू?" ती भराभर बोलत होती. पेला उचलला तर हात थरथरत होता. "आठ दिवस झाले, माझा भाऊ मला चहाच्या भांड्याला हात लावू देत नाही. मी कालवलेलं कुणी खात नाही. तोंडाने बोलत नाही हो कुणी! नुसतं भांडं माझ्या हातातून काढून घेतात. याला मी शाळेत बोट धरून नेलाय."

"बाटलीत अकरा गोळ्या कमी आहेत."

"तेही मोजलं का त्याने?" तिने पदराने मान पुसली. "माझ्याच पोटात गेल्या त्या."

"म्हणजे?"

"दोन-दोन घेत होते मध्यंतरी. कुणीतरी सांगितलं, ही गोळी वाढवली की वजन उतरतं. उतरलंय पण! बघा ना, किती सैल झालंय पोलकं."

मी डोळे मिटून दहा आकडे मोजले. घाम, थरथर, धडधड, उतरलेलं वजन, उकाडा. थायरॉइड उतू गेल्यावर माणूस जसा दिसतो, अगदी तशी ती दिसत होती.

"हे भावाला का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत सांगू, की या वयात बारीक व्हायचंय?"

बाहेर येऊन मी पेशंटच्या मनगटावर हात ठेवला. कातडी कोरडी, गार. नाडी मिनिटाला बावन्न. तिला धडधडीसाठी नाडी मंद करणारी गोळी चालू होती, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटलं नसावं. पण सूज? आवाज? तो गारठा?

"वजन वाढलंय का हो?"

"नऊ किलो," ती सावकाश म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय."

मी आळीपाळीने दोघींकडे बघितलं. आजार या घरात आला होता खरा, पण कागदावर तो चुकीच्या बाईला झालेला होता.

५

एक शक्यता लगेच मनात आली आणि मी ती लगेच खोडली. नणंदेने वहिनीच्या नावावर जाऊन रक्त दिलं असेल का? पण मास्तर पेशंटला तोंडाने ओळखत होते. रक्त हिचंच होतं. सहाही वेळा.

म्हणजे शरीर एक सांगत होतं, आणि त्याच शरीरातलं रक्त पाच वेळा दुसरं सांगत होतं. फक्त एकदा दोघांचं जमलं होतं. त्या एकाच दिवशी असं काय निराळं होतं?

नवऱ्याच्या फाईलीत काही नव्हतं. मी ती तीनदा उलटसुलट वाचली. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, झोप वेळेवर. या माणसाने बायकोची शिंकसुद्धा लिहून ठेवली होती. पण नऊ ते दोन या वेळात पान कोरं. रोज. तेव्हा ती त्याच्या नजरेखाली नसायची. तेव्हा ती तिच्या पार्लरमध्ये असायची.

बुधवारी सव्वानऊला मी तिथे केस कापायला जाऊन बसले. एकच खुर्ची, मोठा आरसा, घड्या घातलेले टॉवेल, भिंतीवर दाट केसांच्या बायकांची चित्रं. ती आजारातही रोज येऊन दुकान उघडायची. कात्री मात्र धीमी झाली होती. दर चार कापांनी ती थांबून हात चोळत होती.

"रुमाल का बांधता हो डोक्याला?"

आरशात तिची नजर खाली गेली. मग तिने रुमाल सोडला. भांग रुंदावलेला, कानांवर विरळ जागा, भुवयांची बाहेरची टोकं गेलेली.

"मागच्या वर्षी मोठा ताप आला होता. त्यानंतर गळायला लागले. मग थांबायचं नावच नाही. औषधं सुरू झाल्यावर तर मूठमूठ." तिने रुमाल पुन्हा घट्ट बांधला. "केस गळणाऱ्या बाईकडे केस दाखवायला कोण येईल, सांगा? यांनाही मी नीट बघू दिलेलं नाही. घरी दार लावून विंचरते."

मला तिची दया आली, आणि संतापही आला. एका घरात तीन माणसं, आणि तिघांनी तीन दारं लावून घेतलेली.

समोरच्या कप्प्यात वेळा नोंदवायची वही होती. मी सहज चाळल्यासारखं केलं. प्रत्येक पान गिऱ्हाइकांच्या नोंदींनी भरलेलं. फक्त एका जागी सलग आठ पानांवर आडव्या रेघा.

"हे काय?"

"रस्त्यातली पाण्याची मुख्य नळी फुटली होती. आठ दिवस दुकान बंद. पाण्याशिवाय पार्लर कसं चालवणार?"

मी तारखा बघितल्या. आठव्या कोऱ्या दिवशी, अकरा वाजता, तिने चौथी नळी दिली होती.

"बंद होतं तेव्हा तुम्ही घरीच होतात?"

"हो. इकडे फिरकलेच नाही."

"दुकानात रोज असं काय करता, जे घरी करत नाही?"

तिला प्रश्न कळला नाही. पण तिचा हात आपोआप टॉवेलांच्या घडीमागे गेला आणि तसाच अवघडून थांबला.

मी खुर्चीतून उठले, अर्धे केस कापलेले तशीच, आणि टॉवेल बाजूला केले. मागे पांढऱ्या पुडीची बरणी होती, आणि शेजारी एक पेला, अजून ओला.

६

गुरुवारी दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत मी सगळ्यांना बोलावलं. साहेबांनी विचारलं, "सही केलीत ना?" मी म्हटलं, "पाच मिनिटं बसा." डॉक्टर उभेच राहिले, त्यांना घाई होती. नवऱ्याने घड्याळ लावलं. नणंद दाराशी बसली, बॅग पायाशी. पेशंट स्वेटरमध्ये. मास्तर भिंतीला टेकून.

मी बरणी टेबलावर ठेवली.

"काल सकाळी ही मला मिळाली. हे बायोटिन आहे. केस, नखं यांच्यासाठी घेतात ते जीवनसत्त्व. गोळीत चिमूटभरही नसतं. ही शुद्ध पूड आहे, पार्लरवाल्यांना केसांच्या लेपात कालवायला मिळते. या रोज सकाळी ती पाण्यातून पीत होत्या. आधी चिमूट, मग अर्धा चमचा, हल्ली एक चमचा."

"काय?" नवरा उभा राहिला. "मला का नाही सांगितलंस?"

"औषध नाही ते," ती पुटपुटली. "डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी म्हटलं, नाही."

"जीवनसत्त्वाने थायरॉइड बिघडत नाही, चौकशीबाई," डॉक्टर म्हणाले.

"थायरॉइड बिघडली नाहीच. मशीन फसलं." मी मशीनचं माहितीपुस्तक उघडलं. सत्तेचाळिसावं पान, तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत. "आपल्या मशीनमध्ये हार्मोन पकडायला जे चिमटे असतात, ते मण्यांना चिकटवलेले असतात. चिकटवायला वापरतात तेही बायोटिनच. रक्तच बायोटिनने भरलेलं असलं तर मण्यांवरच्या जागा आधीच भरून जातात. चिमट्यांना चिकटायला जागा उरत नाही. टीएसएच असूनही मशीन म्हणतं, नाहीच. आणि टी-फोर, प्रतिपिंडं या तपासण्या उलट्या मोजणीच्या, मण्यांवर जितकं कमी सापडेल तितका आकडा मोठा, तिथे तेच मशीन म्हणतं, उतू चाललंय. म्हणजे हुबेहूब तो आजार, जो यांना कधी झालाच नव्हता."

मी पुस्तक साहेबांसमोर सरकवलं.

"आता पुढचं ऐका. नसलेल्या आजारावर खरं औषध दिलं. त्याने चांगली चाललेली थायरॉइड दाबली गेली. थायरॉइड दबली की केस आणखी गळतात. केस गळले की या पूड वाढवणार. पूड वाढली की रिपोर्ट आणखी वाईट. रिपोर्ट वाईट की डॉक्टर औषध वाढवणार. वरून पिट्युटरी बिचारी हुकुमावर हुकूम सोडतेय, त्या हुकुमांनी गळा सुजला. सूज बघून तुम्ही म्हणालात, आजार पक्का. मधे आठ दिवस दुकान बंद होतं, पूड बंद होती. तेव्हा मशीन खरं बोललं. त्या एकाच वेळी. आणि ते खरं बोलल्याबद्दल तुम्ही या माणसाची नोकरी काढायला निघालात."

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"मास्तर, दाखवा."

विचारल्यामुळे मास्तर बोलले. चौथी नळी फ्रीझरमधून आणि सहावी नेहमीच्या कप्प्यातून काढून काल दुपारी ते स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. तिथे एका छोट्या प्रयोगशाळेत अजून जुनी, वेळखाऊ पद्धत चालते, तिच्यात बायोटिनचं काम नसतं. त्यांनी कागद उलगडला. "चौथी नळी, टीएसएच सत्त्याऐंशी. आपल्याकडे अठ्ठ्याऐंशी आलं होतं. सहावी नळी, आपल्याकडे शून्य पूर्णांक आठ शतांश. तिथे एकशे चाळीस."

डॉक्टरांनी कागद घेतला, दोनदा वाचला. मग ते पेशंटसमोर खाली बसले. तिचा मोजा उतरवला, पाऊल हातात धरलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर खिशातल्या छोट्या रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटक्याने खाली गेलं, आणि वर यायला मात्र इतका वेळ लागला की सगळ्यांना दिसावं. थायरॉइड झोपलेली असली की असंच होतं. प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात.

"उद्या हिला भूल दिली असती," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "तर ही शुद्धीवर आली असती की नाही, मला सांगता येणार नाही."

त्यांना घाई आहे हे त्यानंतर ते विसरलेच.

पेशंटने मोजा पायात ओढला. "म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?" त्या संथ, घोगऱ्या आवाजातही राग ऐकू येत होता. "आठ महिने तोंड उघडून दाखवतेय मी, जीभ वर करतेय. यांच्यातल्या एकाने तरी माझ्याकडे बघायचं होतं. मी गारठून मरतेय, हे दिसत नव्हतं कुणाला?"

नवऱ्याने फाईल उघडली. त्यात उत्तर नव्हतं. त्याने ती मिटली आणि दाराशी बसलेल्या बहिणीकडे वळला.

"ताई..."

"माझ्याशी नंतर बोल," नणंद म्हणाली. "आधी तिच्या अंगावर शाल घाल."

साहेबांनी निकालाचा कागद हळूच टेबलावरून ओढून खणात ढकलला. मी तो बाहेर काढायला लावला, माझ्यासमोर फाडायला लावला, आणि मगच खोलीतून गेले.

७

ऑपरेशन रद्द झालं. पूड बंद, थायरॉइड दाबणारं औषध बंद. दबलेली ग्रंथी जागी व्हायला महिना-दीड महिना लागला. तोवर डॉक्टर दर आठवड्याला तिला स्वतः तपासत होते, नाडीला हात लावून, पाऊल हातात धरून. सूज उतरली, आवाज सुटला. केसांना जरा वेळ लागेल, असं त्यांनी तिला सांगितलं. तिने वाट बघितली नाही. एका सकाळी आरशासमोर बसून स्वतःचे उरलेले केस तिने बोटभर आखूड कापले आणि रुमालाशिवाय दुकान उघडलं. नणंद तेव्हा तिथेच होती, असं तिने मला सांगितलं. बॅग कधी रिकामी झाली ते मी विचारलं नाही. गोळी मात्र नणंद आता एकच घेते, आणि पंखा बराच हळू असतो म्हणे.

मास्तरांना साहेबांनी पत्र दिलं. 'गैरसमज दूर झाला आहे,' एवढंच त्यात होतं. माफी नव्हती. मास्तर ते घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "भांडा की जरा!"

"भांडून काय मिळणार? मला दुसरंच हवं आहे."

त्यांना रक्त घ्यायच्या खिडकीवर एक नवा प्रश्न हवा होता. केसांसाठी, नखांसाठी किंवा ताकदीसाठी काही घेता का? गोळी, पूड, काहीही. उत्तर हो आलं तर आज रक्त घ्यायचं नाही. आठ दिवस ते बंद करून परत या.

साहेब म्हणाले, लोक वैतागतील. मी म्हटलं, वैतागू देत, इथे सगळेच वैतागलेले आहेत.

पहिल्या दिवशी मास्तरांनी एकोणीस जणांना विचारलं. चौघांनी हो म्हटलं. चौघांनाही त्यांनी उपाशीपोटी, रांगेत तासभर उभं राहिल्यावर, तसंच घरी पाठवलं. आणि समजावून सांगायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं, कारण त्या चौघांपैकी कुणी 'का' असं विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत माझ्या टेबलावर नळीमास्तरांविरुद्ध चार नव्या तक्रारी येऊन पडल्या. उर्मट माणूस, अडवणूक करतो, कामावरून काढून टाका.

मी चारही नीट वाचल्या. मग सात वर्षांत पहिल्यांदाच, कसलीही चौकशी न करता, चारही फेटाळल्या.